मासेमारी, जलाशयांतील : जुन्नर व आंबेगाव तालुके

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे निर्माण झालेल्या जलाशयांवर चालणारा मत्स्यव्यवसाय. हा व्यवसाय परंपरागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या भागात मोठे स्थिर पाणी नव्हते आणि येथील बहुसंख्य आदिवासी कुटुंबांची उपजीविका डोंगरउतारावरील शेतीवर व वनोपजावर चाले. धरणांच्या पाण्याखाली शेते गेली. पुढे त्याच पाण्यात त्या शेतांचे मूळ मालक मासे धरू लागले. शेतकऱ्याचे मच्छीमारात झालेले हे रूपांतर, त्यासाठी त्याने हाताशी असलेल्या वस्तूंतून घडविलेली तरणसाधने आणि पाण्यावरील हक्कासाठी त्याला करावे लागलेले प्रयत्न, असे या इतिहासाचे तीन पदर आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी : दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असून तेथे पावसाळ्यात अतिवृष्टी होते, पूर्वेकडे जावे तसतसे पर्जन्यमान झपाट्याने घटत जाते. कुकडी नदी जुन्नर तालुक्यात कुकडेश्वरजवळ, तर घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे परिसरात उगम पावते. मीना ही या दोहोंच्या दरम्यानची नदी. कुकडी पुढे घोडेस व घोड भीमेस मिळते. या सर्व नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहत आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात केवळ डोह उरत. पश्चिमेचे पाणी अडवून पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांना द्यावे, ही कुकडी प्रकल्पामागील मूळ कल्पना होय. पश्चिम भागातील वस्ती मुख्यतः महादेव कोळी, ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींची आहे. त्यांच्यासाठीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे.

धरणांपूर्वीची मासेमारी : महादेव कोळी हे नाव ऐकून किनारपट्टीवरील कोळ्यांप्रमाणे हीही मासेमारी करणारी जमात असावी, असा समज होण्याचा संभव असतो. तो बरोबर नाही. महादेव कोळी हे डोंगरातील शेतकरी असून भात, नाचणी व वरई ही त्यांची मुख्य पिके, तर हिरडा हे त्यांच्या रोख उत्पन्नाचे प्रमुख वनोपज आहे. दख्खनच्या पठारावरील गोड्या पाण्यातील मासेमारी हा प्रामुख्याने भोई समाजाचा व्यवसाय असून तो मोठ्या नद्यांच्या काठी केंद्रित होता.

असे असले, तरी मासे हा डोंगरी आहाराचा एक भाग होताच. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांना पूर आला, की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. या ‘चढणीच्या माशां’ची प्रतीक्षा सर्वत्र असे. ओढ्याच्या अरुंद जागी दगडांचा बांध घालून व बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून, भातखाचरांच्या बांधांवर हातांनी, तर डोहांत पाग टाकून वा गळ लावून मासे धरीत. कातकरी या कामात विशेष निष्णात समजले जात. ही मासेमारी गुडघाभर ते छातीभर पाण्यातील होती. तीसाठी नावेची गरज नव्हती. नदी ओलांडण्यापुरती सांगड वा पोहणे पुरे होई. पकडलेले मासे घरी खाल्ले जात, फार तर शेजारी वाटले जात. बाजाराची मासळी म्हणजे कोकणातून घाटमार्गाने येणारी सुकी मासळी. खोल पाण्यावर तरंगत राहून जाळे लावण्याचे कौशल्य या डोंगरी समाजाजवळ नव्हते, कारण तसे पाणीच तेथे नव्हते.

प्रकल्प व विस्थापन : कुकडी प्रकल्पात येडगाव व माणिकडोह (कुकडी नदी), वडज (मीना नदी), डिंभे (घोड नदी) आणि माळशेज घाटाच्या वाटेवरील पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा समावेश होतो. येडगाव हे यांतील आरंभीचे धरण १९७० नंतरच्या दशकात पुरे झाले. ते सु. ३० मी. उंच व सु. साडेचार किमी. लांब असून त्याचा एकूण साठा सु. ९३ द. ल. घ. मी. आहे. वडज (सु. ३६ द. ल. घ. मी.) व माणिकडोह (सु. ३०८ द. ल. घ. मी.) ही धरणे १९८० नंतरच्या दशकात झाली. डिंभे हे सर्वांत मोठे. त्याची उंची सु. ६७ मी., लांबी सु. ८५० मी. व एकूण साठा सु. ३८० द. ल. घ. मी. (सु. साडेतेरा अब्ज घनफूट) आहे. त्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाले. डिंभे जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राणार्पण करणारे बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे होत.

या जलाशयांचे पाणी कालव्यांद्वारे जुन्नर, आंबेगाव व शिरूर, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंत अहमदनगर) पारनेर, श्रीगोंदे व कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा या तालुक्यांना मिळते. लाभ पूर्वेस व हानी पश्चिमेस अशी त्याची विभागणी झाली. डिंभे धरणामुळे सु. २४ गावांना पूर्णतः वा अंशतः बुडिताची झळ पोहोचली. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते गावही पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की त्याच्या जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात.

धरणग्रस्तांचा प्रश्न पुणे जिल्ह्यास नवा नव्हता. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह (१९२१ पासून) याच जिल्ह्यात झाला. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. लाभक्षेत्रातील जमीन बाधितांना द्यावी, हे या कायद्यांचे मुख्य सूत्र. परंतु डोंगरातील भात, हिरडा व जंगल यांवर जगणाऱ्या कुटुंबाला दूरच्या सपाट, कोरड्या प्रदेशातील जमीन म्हणजे केवळ स्थलांतर नव्हे. तो संपूर्ण जीवनपद्धतीतील बदल असतो. त्यामुळे अनेक कुटुंबे पाण्याच्या वाढत्या पातळीबरोबर डोंगरावर वर सरकून काठावरच राहिली. भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाल्यावर अभयारण्याच्या परिसरातील गावांवर वनवापराच्या निर्बंधांचीही भर पडली. खाली पाणी व वर राखीव वन यांच्या मधल्या पट्ट्यात उरलेल्या या लोकांना जवळ असे एकच नवे साधन होते. ते म्हणजे जलाशय.

नव्या पाण्यातील मासे : नदीचे जलाशयात रूपांतर झाले, की तेथील मत्स्यसृष्टी बदलते. धरणाच्या भिंतीमुळे माशांचे वर चढणे थांबते आणि वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यावर अवलंबून असणाऱ्या खडसासारख्या (महसीर) जातींना प्रतिकूल परिस्थिती निर्माण होते. उलट मरळ, वाम, शिंगाळा यांसारख्या संथ पाण्यातही तग धरणाऱ्या जाती टिकून राहतात. व्यापारी उत्पादनासाठी कटला, रोहू व मृगळ या प्रमुख कार्प जातींचे बीज जलाशयात सोडतात. या जाती मूळच्या गंगेच्या खोऱ्यातील असून भीमेच्या खोऱ्यात त्या माणसाने आणल्या आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न शोधतो. त्यामुळे त्या एकमेकींशी फारशी स्पर्धा न करता एकत्र वाढतात.

या जाती साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ पूर्वी त्यांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीज केंद्रांत हवे तेवढे बीज निर्माण करणे शक्य झाले. दख्खनमधील जलाशयांतील मत्स्यव्यवसायाचा पाया या शोधाने घातला, असे म्हणता येईल. मात्र नुकतेच जन्मलेले ‘जिरे’ अथवा लहान बीज मोठ्या जलाशयात सोडल्यास ते मरळ, वाम आदी भक्षक माशांच्या तोंडी पडते. त्यामुळे सु. १० सेंमी. लांबीची ‘बोटुकली’ होईपर्यंत ते वेगळे वाढवून मगच सोडणे इष्ट ठरते. जलाशयातच तरंगते जाळीदार पिंजरे बसवून बोटुकली वाढविण्याची पद्धत मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने (स्थापना १९६१) डिंभे जलाशयावर आदिवासी मच्छीमारांच्या सहभागाने वापरून दाखविली.

कार्पखेरीज तिलापिया हा मासा राज्यातील अनेक जलाशयांत पसरला आहे. त्यास मच्छीमार चिलापी म्हणतात. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो संथ पाण्यात सहज व वारंवार प्रजनन करतो. त्यामुळे गरीब मच्छीमारास बीज न सोडताही काही मिळकत होते, पण त्याच्या अतिवाढीने अन्य जातींचे अन्न कमी होते.

तरणसाधने : जलाशयातील मासेमारीची खरी अडचण मासा शोधण्याची नसून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची असते. सह्याद्रीच्या कुशीतील जलाशयांचे काठ उताराचे असतात व पाणी काठापासून थोड्या अंतरावरच खोल होते. पाण्याची पातळी वर्षभर बदलत राहते. ऑक्टोबरच्या सुमारास भरलेला जलाशय रब्बी व उन्हाळी आवर्तनांनी रिकामा होऊ लागतो आणि मे-जूनपर्यंत पाण्याची कड मूळ काठापासून खूप खाली सरकते. मधल्या पट्ट्यात चिखल, दगड, जुन्या शेतांचे बांध व बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. अशा ठिकाणी कायमचा धक्का बांधता येत नाही. साधन असे हवे, की जे एकट्या माणसाला चिखलातून वाहून नेता येईल आणि पाण्यावर त्याला व त्याच्या जाळ्याला पेलेल.

ही गरज प्रथम भागविली ती मालमोटारीच्या टायरमधील रबरी नळीने. राज्यातील अनेक जलाशयांवर गरीब मच्छीमारांचे हेच पहिले वाहन ठरले. तिला सर्वत्र ‘ट्यूब’ असेच म्हणतात. जुनी, ठिगळ लावलेली ट्यूब हवेने फुगवून तिच्या मधल्या पोकळीवर दोरी विणतात किंवा फळी बांधतात. मच्छीमार तीवर बसून पाय पाण्यात सोडतो व हातांनी अथवा हातात धरलेल्या लहान फळ्यांनी पाणी मागे सारीत पुढे जातो. जाळे मांडीवर घेतलेले असते. ते संध्याकाळी सोडीत जावयाचे व पहाटे उचलावयाचे, असा क्रम असतो. जाळे सामान्यतः नायलॉनचे गिल जाळे असते. पाण्यात ते पडद्यासारखे उभे राहते आणि त्यात डोके घातलेला मासा कल्ल्यांशी अडकतो. जाळ्याच्या आसांचा आकार जेवढा, त्या प्रमाणातच मासा अडकतो. लहान मासा निसटून जावा व मोठा मिळावा, यासाठी मोठ्या आसांचे जाळे वापरणे हिताचे असते.

ट्यूब स्वस्त, हलकी व दुरुस्तीस सोपी आहे. खांद्यावर घेऊन ती डोंगरउतारावरून खाली आणता येते व काम झाल्यावर घरी नेता येते. परंतु ती धोक्याचीही आहे. माशाचा काटा, बाभळीचा काटा वा पाण्याखालच्या बुंध्याची टोके यांनी ती फुटू शकते. जोराचा वारा सुटल्यास ती हाताने आवरत नाही. हिवाळ्यात पहाटेच्या वेळी तासन्‌तास कमरेखाली थंड पाण्यात राहावे लागल्याने मच्छीमार गारठून जातो. शिवाय मोठी जाळी व अधिक मासळी तीवर मावत नाही. थर्मोकोलचे तुकडे गोणपाटात वा जाळ्यात बांधून केलेला तराफा हा तिचा पर्याय. तो फुटत नाही, मात्र त्याचे तुकडे झिजून पाण्यात पसरतात. यापुढची पायरी लाकडी, पत्र्याच्या वा काचतंतूंच्या होडीची. होडीत दोघेतिघे बसू शकतात. एकाने वल्हे मारावे व दुसऱ्याने जाळे सोडावे, अशी श्रमविभागणी होते, कोरडे राहता येते आणि दूरच्या खाडीसारख्या भागांत पोहोचता येते. परंतु तिची किंमत एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे ट्यूबकडून होडीकडे जाणे हे केवळ साधनातील बदल राहत नाही. त्यासाठी लोकांनी एकत्र यावे लागते.

अन्य देशांतील उभयचर साधने : जमीन व पाणी यांच्या अनिश्चित सीमेवर मासे धरण्याचा प्रश्न थंड देशांतही आहे, तेथे त्याचे रूप वेगळे आहे. कॅनडा, रशिया, फिनलंड व अमेरिकेची उत्तरेकडील संस्थाने येथे हिवाळ्यात सरोवरे गोठतात आणि बर्फाला भोक पाडून त्यातून गळाने मासे धरतात. स्वच्छ, घट्ट बर्फ सु. १० सेंमी. जाड असेल, तर त्यावरून माणूस चालू शकतो. लहान यांत्रिक वाहनासाठी सु. १२ ते १८ सेंमी. जाडी आवश्यक मानतात. परंतु बर्फाची जाडी सर्वत्र सारखी नसते. झरे, प्रवाह व हिवाळ्याचा अखेरचा काळ यांमुळे ते मधेच पातळ होते. यावर उपाय म्हणून बर्फ फुटल्यास पाण्यावर तरंगणारी वाहने प्रचारात आली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९६७ पासून तयार होणारे ‘आर्गो’ हे सहा वा आठ चाकांचे वाहन यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. त्याची बंद तळाची काया नावेसारखी असते. एका बाजूच्या चाकांचा वेग रोखून ते वळविले जाते व पाण्यात फिरत्या टायरांच्या खाचांनीच ते हळूहळू पुढे सरकते. रशियात २०१० नंतर विकसित झालेल्या ‘शेर्प’ या वाहनाची प्रचंड, कमी दाबाची टायरे हीच त्याची तरंडके असतात. या घाटाची वाहने अलीकडे भारतीय सैन्यानेही बर्फाळ व दलदलीच्या प्रदेशांसाठी स्वीकारली आहेत.

तत्त्वतः पाहता हे महागडे यंत्र व डिंभे-माणिकडोहकाठची ट्यूब यांत साम्य आहे. दोहोंत हवा भरलेले रबर माणसाला मऊ भूमीवरून पाण्यापर्यंत व पाण्यावरून परत नेते. एके ठिकाणी टायर वाहनाला तारतो, दुसरीकडे वाहनातून निकामी होऊन बाहेर पडलेली नळी माणसाला तारते. फरक आहे तो हेतूचा व ऐपतीचा. थंड देशांत असे वाहन बव्हंशी छंद म्हणून मासे धरणाऱ्याच्या सोयीचे असते. जुन्नर-आंबेगावात मासा हा रोजच्या अन्नाचा व मिळकतीचा प्रश्न आहे. येथील तीव्र उतार, विखुरलेली वस्ती व प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला येणारी थोडी मासळी यांचा विचार करता यांत्रिक उभयचर वाहन येथे परवडणारे नाही. हलकी, न फुटणारी होडी, जीवरक्षक जाकीट आणि पाण्याच्या कडेपर्यंतची चांगली पायवाट यांचीच येथे खरी निकड आहे.

हक्क, ठेका व सहकारी संस्था : धरणाचे पाणी पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असते, त्यातील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठराविक मुदतीच्या ठेक्याने दिला जातो. सहकारी संस्थांना अग्रक्रम देण्याचे राज्याचे धोरण आहे. परंतु नोंदणीकृत संस्था, ठेक्याची रक्कम, बीज सोडण्याचा खर्च, होड्या व जाळी यांची पूर्तता नव्याने मच्छीमार झालेल्या विस्थापिताला करता येत नाही. अशा ठिकाणी ठेका बाहेरच्या भांडवलवाल्याकडे जातो आणि ज्याचे शेत पाण्याखाली आहे, तो त्याच पाण्यात एक तर मजूर ठरतो किंवा चोर. राज्यातील व देशातील अनेक जलाशयांचा हा अनुभव आहे.

आंबेगाव तालुक्यात हे चित्र बदलण्याचा प्रयत्न धरणग्रस्त आदिवासींनी संघटितपणे केला. कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने त्यांना साहाय्य केले. पाण्याच्या ओसरत्या कडेवरील गाळपेर जमीन, पाणी उचलून शेती करण्याची मुभा व मासेमारी या तिन्हींवर प्रथम हक्क बुडालेल्या गावांचा असावा, अशी या प्रयत्नांमागील भूमिका होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिंभे जलाशयावर आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. होड्या व जाळी मिळविणे, बीज सोडणे आणि मासळीची एकत्रित विक्री करणे ही कामे तीमुळे शक्य झाली. ‘शाश्वत’ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे विषुववृत्त पारितोषिक (इक्वेटर प्राइझ) मिळाले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करण्याची ‘पडकई’ ही पद्धत व जलाशयातील मासेमारी ही या कार्याची ठळक अंगे होत.

या प्रयत्नांशी मध्य प्रदेशातील तवा जलाशयाची तुलना उद्‌बोधक ठरते. तेथील विस्थापित आदिवासींच्या सहकारी संस्थांच्या ‘तवा मत्स्य संघा’स १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला व २००१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. परंतु २००६ अखेर मुदत संपल्यावर तो पुढे चालू राहिला नाही. ठेक्याने मिळालेला हक्क ठेक्याबरोबर संपतो, ही त्यातील शिकवण. याउलट कायद्याने मान्य केलेला हक्क अधिक टिकाऊ असतो. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने (पेसा) लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले, तर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जलाशयांतील मासे व अन्य उत्पादनांच्या वापराचा सामूहिक हक्क मान्य केला. मोठ्या धरणांच्या बाबतीत या तरतुदींचा लाभ कितपत मिळतो, हे वनहक्क समित्या, ग्रामसभा व शासकीय विभाग यांच्या सहकार्यावर अवलंबून असते.

मासेमारीपुढील प्रश्न : सर्वांत मोठा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. जलाशयातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक शेतीच्या आवर्तनांनुसार ठरते. त्यात माशांचा विचार नसतो. पातळी एकाएकी खालावली, तर उथळ भागातील अंडी व पिले कोरडी पडतात, मासे थोड्या पाण्यात दाटतात आणि अल्पावधीत बेसुमार पकडले जातात. उन्हाळ्यात किती पाणी उरते, यावर पुढील वर्षीचा मत्स्यसाठा अवलंबून असतो. पिंपळगाव जोगे येथे मृतसाठा मोठा असल्याने ही स्थिती त्यातल्या त्यात बरी असते. परंतु टंचाईच्या वर्षी मृतसाठ्यातूनही पाण्याची मागणी होते. डिंभे जलाशयाचे पाणी बोगद्याने माणिकडोहाकडे वळविण्याच्या प्रस्तावास या भागातून विरोध झाला, त्यामागेही जलाशय वेळेपूर्वी रिकामा होण्याची भीती आहे. पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांची पाण्याची गरज खरी आहे. काठावरील विस्थापितांची गरजही तितकीच खरी आहे. या दोहोंचा मेळ घालताना जलाशयात किमान किती पाणी राखावे, हे ठरविणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न अपायकारक पद्धतींचा. सुरुंगाने वा विषाने मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच बंदी घातली आहे. अतिबारीक आसांची जाळी वापरल्यास मात्र नुकतीच सोडलेली बोटुकलीही पकडली जाते आणि बीजावरील खर्च वाया जातो. काठावरील गावांची संस्था असेल, तर अशा गोष्टींवर नजर ठेवणे सोपे जाते. कारण राखणाऱ्यालाच राखल्याचे फळ मिळते. तिसरा प्रश्न विक्रीचा. घोडेगाव, मंचर, जुन्नर व नारायणगाव या जवळच्या बाजारपेठा असल्या, तरी जलाशयाच्या पश्चिम टोकाकडील वाड्यांपासून त्या दूर आहेत. बर्फ व वाहतुकीची सोय नसल्यास मासळी मिळेल त्या भावाने व्यापाऱ्यास द्यावी लागते. मत्स्यव्यवसायासाठी बर्फाची खरी गरज येथे आहे ती अशी : पायाखाली नव्हे, तर मासळीच्या पेटीत.

महत्त्व : जुन्नर-आंबेगावातील जलाशय वर्षाच्या काही भागात पाणी व काही भागात शेत असतात. पाणी उतरले, की गाळपेरीचे पीक निघते व पाणी चढले, की त्याच उतारावर जाळी लागतात. या दुहेरी भूमीवर जगण्यास तेथील लोकांनी दोन पिढ्यांच्या आत स्वतःला जुळवून घेतले. पूर्वजांना माहीत नसलेले खोल पाणी त्यांनी टाकाऊ ट्यूबवर बसून ओळखीचे केले. मोठ्या प्रकल्पांत विस्थापितांचा विचार बहुधा एकदाच मिळणाऱ्या भरपाईच्या स्वरूपात केला जातो. डिंभे जलाशयाच्या अनुभवावरून असे दिसते, की प्रकल्पाने निर्माण केलेल्या नव्या साधनसंपत्तीत—पाण्यात, गाळात व माशांत—विस्थापितांना कायमचा वाटा देणे हाही पुनर्वसनाचा एक मार्ग आहे. कमी खर्चाचा व लोकांना त्यांच्या परिसरातच ठेवणारा असा हा मार्ग असून, त्याचे यश साधनांच्या भारीपणावर नव्हे, तर हक्काच्या शाश्वतीवर अवलंबून आहे.